जुना कॅमेरा, जाणती पारख

ठाण्याच्या कापूरबावडी नाक्यावरून भिवंडीकडे निघालेला जुना आग्रा रस्ता बाळकुमवरून जातो आणि पुढे कशेळीच्या पुलावर खाडी ओलांडतो. क्रमांकांनी ओळखले जाणारे जुने पाडे, आगरी-कोळी आणि ईस्ट इंडियन कुटुंबांची घरे, त्यांच्या शेजारी उभे राहिलेले उंच मनोरे आणि मेट्रोच्या मार्गाचे खांब, असे आजच्या बाळकुमचे रूप आहे. खाडीपलीकडे भिवंडीची गोदामे आहेत. सकाळी दुकान आणि दुपारी गोदाम अशा धावपळीत दिवस घालवणाऱ्या अनेक व्यापारी कुटुंबांनी या परिसरात घर केले आहे.

अशा घरांत हल्ली रात्रीच्या जेवणानंतर एक नवा विषय निघतो. मुलाला किंवा मुलीला छायाचित्रणाचा व्यवसाय करायचा असतो. लग्ने, पारणी, प्रतिष्ठा महोत्सव, दुकानातील मालाची छायाचित्रे अशी कामे डोळ्यांसमोर दिसत असतात. कॅमेरा मात्र व्यावसायिक हवा, आणि नव्याची किंमत ऐकून घर गप्प होते. मग मुलगा हळूच म्हणतो, "पप्पा, वापरलेला फुल-फ्रेम कॅमेरा मिळतो आहे." त्यावर ठरलेला प्रश्न येतो, "दुसऱ्याने वापरून टाकलेली वस्तू आपण का घ्यायची?"

प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर वस्तू जुनी आहे की नवी यात सापडत नाही. ते पारखीत सापडते. कापडाचा पोत बोटांनी ओळखणारा आणि सोने कसाला लावून घेणारा व्यापारी जुन्या वस्तूला भीत नाही. तो न तपासलेल्या वस्तूला भितो. कॅमेऱ्याच्या बाबतीत तपासणीची ही विद्या थोडी नवी आहे एवढेच. ती एकदा समजली, तर जुना कॅमेरा घेणे जुन्या गाळ्याचा सौदा करण्याइतकेच सरळ होते.

जवाहिऱ्यांच्या घरातला छायाचित्रकार

कॅमेरा आणि व्यापारी जैन कुटुंब यांचे नाते नवे नाही. भारतातील एकोणिसाव्या शतकातील सर्वांत नामवंत छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळच्या सरधना येथे जवाहिऱ्यांच्या जैन कुटुंबात झाला. रुडकीच्या थॉमसन महाविद्यालयात स्थापत्याचे शिक्षण घेऊन ते इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीस लागले. छायाचित्रण हा आधी त्यांचा छंद होता. पुढे त्याचाच व्यवसाय झाला आणि इंदूर, सिकंदराबाद व १८९६ साली मुंबई असे त्यांचे स्टुडिओ उभे राहिले. हैदराबादच्या निजामाने त्यांना 'राजा' हा किताब दिला. १९०५ साली ते निवर्तले. त्यांच्या काचेच्या पट्ट्यांवरील निगेटिव्हांचा मोठा संग्रह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहे. नोकरीतले आर्थिक स्थैर्य हाती असताना छंद जोपासणे, त्यातून मिळकत दिसू लागल्यावरच पुढचे पाऊल टाकणे, हा क्रम आजच्या घरांनीही ध्यानात घ्यावा असा आहे.

महाराष्ट्रात तर वापरलेल्या यंत्राची परंपरा चित्रपटाच्या आरंभापर्यंत जाते. मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावे दादा, यांनी इंग्लंडहून चलच्चित्राचा कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमधील कुस्ती टिपली. पुढे त्यांनी या व्यवसायातून लक्ष काढले व कॅमेरा विकला. तो घेतला करंदीकर, पाटणकर आणि दिवेकर या तिघांनी. त्यांतील श्रीनाथ पाटणकर पुढे मूकपटांच्या काळातील एक महत्त्वाचे दिग्दर्शक झाले. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून चित्रपट दाखवण्याचे यंत्र आणले, त्याच्या अभ्यासातून कॅमेऱ्याच्या रचनेचा ध्यास घेतला आणि आनंदरावांच्या निधनानंतर बाबूरावांनी दामले यांच्या साहाय्याने स्वतःचा कॅमेरा घडवला. १९२० सालचा 'सैरंध्री' हा त्याच प्रयत्नांतून उभा राहिला. एकाच्या हातून सुटलेले यंत्र दुसऱ्याच्या हाती जाऊन कामाला येते, याची ही आपल्याच भूमीतली उदाहरणे आहेत.

फुल-फ्रेम म्हणजे काय आणि ती कोणाला हवी

फिल्मच्या काळात सर्वाधिक रूढ असलेल्या पस्तीस मिलिमीटर फिल्मवरील एका चित्राचा आकार ३६ बाय २४ मिलिमीटर असे. १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने हा आकार जगभर रुजवला. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मची जागा सेन्सरने घेतली. ज्या कॅमेऱ्याचा सेन्सर याच आकाराचा असतो तो फुल-फ्रेम. साध्या डीएसएलआरचा सेन्सर त्याहून लहान असतो. फुल-फ्रेम सेन्सरचे क्षेत्रफळ त्याच्या अडीच पटींच्या आसपास भरते.

क्षेत्र मोठे, म्हणून प्रकाश अधिक गोळा होतो. मंद प्रकाशातील चित्र कमी दाणेदार येते. देरासरातील दिव्यांचा उजेड, पहाटेचे पारणे, मंडपातील संध्याकाळ अशा ठिकाणी फ्लॅश मारणे अनेकदा अनुचित ठरते. काही ठिकाणी त्याला मनाईच असते. तेथे मोठा सेन्सर खरा उपयोगी पडतो. उलट, ज्याला केवळ दिवसाउजेडी सहलीची छायाचित्रे काढायची आहेत किंवा पांढऱ्या पडद्यापुढे भरपूर दिवे लावून डबे-बाटल्यांचे फोटो संकेतस्थळावर टाकायचे आहेत, त्याला लहान सेन्सरचा स्वस्त कॅमेराही पुरतो. खरेदीपूर्वीची पहिली बचत ही, की गरज नसलेली वस्तू घेऊ नये.

डिजिटल कॅमेऱ्याची आणखी एक बाजू अहिंसा पाळणाऱ्या घरांना जवळची वाटेल. फिल्मवरचा आणि जुन्या छायाचित्र-कागदावरचा प्रकाशसंवेदी थर जिलेटिनमध्ये बसवलेला असे, आणि हे जिलेटिन जनावरांची हाडे व कातडी यांपासून निघे. सेन्सरच्या कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोमागे लागणारी ती फिल्मच राहिली नाही. कॅमेऱ्याचा पट्टा आणि पिशवी चामड्याऐवजी कापडी घेतली, की आणखी एक काळजी मिटते.

चांगले कॅमेरे विकायला का निघतात

वापरलेला व्यावसायिक कॅमेरा स्वस्त मिळतो म्हणजे तो बिघडलेलाच असणार, ही समजूत सर्वत्र आहे. आजच्या बाजारात तिला फारसा आधार नाही. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर आदळून नेत्रदर्शीत जातो आणि बटण दाबताच आरसा वर उचलला जातो. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत हा आरसाच नाही. सोनीने २०१३ साली आणि कॅनन व निकॉन यांनी २०१८ साली फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरे आणल्यावर व्यावसायिक छायाचित्रकार हळूहळू तिकडे वळले. त्यांचे जुने, पण उत्तम चालणारे डीएसएलआर बाजारात आले. एके काळी लाखांत किंमत मोजावी लागणारी बॉडी त्यामुळे मूळ किमतीच्या लहानशा हिश्श्यात मिळू लागली. यंत्राची ताकद मात्र उतरलेली नाही. २०१५ साली त्याने जसे लग्न टिपले तसेच ते आजही टिपेल.

बाजारात वारंवार दिसणारी काही नावे ओळखीची असावीत. कॅनन ५डी मार्क ३ हा २०१२ सालचा, २२.३ मेगापिक्सेलचा आणि दोन मेमरी कार्डे घेणारा. त्याच वर्षीचा कॅनन ६डी हलका आणि स्वस्त, पण एकाच कार्डाचा. निकॉन डी७५० हा २०१४ सालचा, २४.३ मेगापिक्सेलचा आणि दोन कार्डांचा. निकॉन डी८५० हा २०१७ सालचा, ४५.७ मेगापिक्सेलचा आणि साहजिकच महाग. दोन कार्डांचा मुद्दा क्षुल्लक नाही. दीक्षेचा वरघोडा किंवा सप्तपदी पुन्हा घडवून आणता येत नाही. एक कार्ड ऐन वेळी निकामी झाले, तर दुसऱ्यावरची प्रत घराची आठवण वाचवते आणि छायाचित्रकाराचे नावही. पैसे घेऊन काम करणाऱ्याने एका कार्डाच्या कॅमेऱ्यावर विसंबू नये.

एका क्लिकचा भाव

मोटार घेताना किलोमीटर पाहतात, तसा डीएसएलआर घेताना शटर काउंट पाहतात. शटर ही सेन्सरपुढची झडप. प्रत्येक फोटोला ती उघडते आणि मिटते, म्हणून झिजते. कंपन्या तिचे अपेक्षित आयुष्य सांगतात: कॅनन ६डीसाठी १ लाख, ५डी मार्क ३ आणि निकॉन डी७५० साठी दीड लाख, डी८५० साठी २ लाख, तर कॅनन १डी एक्स आणि निकॉन डी४ यांसारख्या अवजड व्यावसायिक कॅमेऱ्यांसाठी ४ लाख. हा आकडा हमी नव्हे. काही झडपा त्याआधी जातात, काही कितीतरी पुढे चालतात. हिशेबाला मात्र तो उत्तम पाया आहे.

उदाहरणादाखल दोन कॅमेरे घ्यावेत, दोन्ही दीड लाख आयुष्याचे. पहिला ५०,००० रुपयांना मिळतो आहे आणि त्यावर ६०,००० फोटो निघाले आहेत. दुसरा ४०,००० रुपयांना आहे, पण त्यावर १,३०,००० फोटो झाले आहेत. वरवर दुसऱ्यात दहा हजार वाचतात. पण पहिल्यात ९०,००० फोटो शिल्लक आहेत, म्हणजे एका फोटोचा भाव साधारण ५५ पैसे. दुसऱ्यात २०,००० शिल्लक, म्हणजे भाव २ रुपये. एका लग्नात अडीच हजार फोटो निघतात असे धरले, तर पहिला कॅमेरा छत्तीस लग्ने काढील आणि दुसरा आठ. गल्ल्यावर बसणाऱ्या वडिलांना कॅमेऱ्यातले काही कळत नसले, तरी हा हिशेब त्यांना मुलापेक्षा लवकर समजेल.

हा आकडा कळावा कसा? निकॉन कॅमेऱ्यांत तो प्रत्येक मूळ फोटोच्या फाइलमध्ये नोंदलेला असतो. फोटो संगणकावर घेऊन 'एक्झिफटूल'सारख्या प्रणालीने वाचता येतो. कॅननच्या बहुतेक कॅमेऱ्यांत तो फाइलमध्ये उतरत नाही; कॅमेरा तारेने संगणकाला जोडून विशिष्ट प्रणाली वापरावी लागते किंवा सेवा केंद्रात विचारावे लागते. विक्रेता "फार वापरलेला नाही" एवढेच म्हणत असेल, तर ते वाक्य ऐकून घ्यावे आणि आकडा मागावा. शटर बदलून घेतले आहे असे तो सांगत असेल, तर दुरुस्तीची पावती मागावी. लक्षात ठेवावे की चित्रफिती काढण्यासाठी वापरलेल्या कॅमेऱ्याचा शटर काउंट कमी दिसतो. त्याचा सेन्सर मात्र तासन्‌तास तापलेला असतो. म्हणून कॅमेरा कोणत्या कामाला लावला होता, हेही विचारावे.

अर्ध्या तासाची तपासणी

जुन्या कॅमेऱ्यांसाठी मुंबईत फोर्टचा बोरा बाजार प्रसिद्ध आहे. बाळकुमहून ठाणे स्थानक गाठावे, लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरावे, की बाजार पायी येतो. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी याच चौतीस किलोमीटरांच्या वाटेने धावली होती. दुकानातून घेतल्यास किंमत थोडी अधिक पडते, पण बिल आणि काही दिवसांची हमी मागता येते. परस्पर विक्रेत्याकडून घेतल्यास स्वस्त पडते, पण सारी जोखीम घेणाऱ्याची. सौदा कोठेही होवो, स्वतःचे मेमरी कार्ड, एक छोटी बॅटरी आणि शक्य असल्यास लॅपटॉप बरोबर न्यावा, आणि अर्धा तास मागून घ्यावा. जो विक्रेता अर्धा तास देत नाही, त्याच्याकडून घेऊ नये.

प्रथम बाहेरून पाहावे. रबर सुटलेले किंवा रंग उडालेला असणे हा वापर झाला. कोपरा चेपलेला असणे हा अपघात झाला. लेन्स जिथे बसते त्या धातूच्या कड्याचे स्क्रू ओरखडलेले असतील, तर कॅमेरा उघडला गेला आहे. लेन्स लावून हलकेच हलवावी. ती खुळखुळता कामा नये. कार्डाच्या खाचेत बारीक सुया असतील, तर त्या सरळ आहेत ना हे बॅटरीच्या उजेडात पाहावे. बॅटरीच्या कप्प्यात हिरवट-पांढरी पूड दिसली, तर पाणी किंवा दमट हवा आत शिरली आहे असे समजावे.

नंतर सेन्सर. भिंग अगदी बारीक, म्हणजे एफ/१६ किंवा एफ/२२ वर ठेवून मोकळ्या आकाशाचा अथवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढावा आणि मोठा करून पाहावा. धुळीचे काळे ठिपके दिसले तर घाबरू नये, ते साफ होतात. रेषेसारखा ओरखडा दिसला तर सौदा सोडावा. मग लेन्सला झाकण लावून काही सेकंदांचा फोटो घ्यावा. पूर्ण काळ्या चित्रात रंगीत ठिणग्या चमकल्या, तर ते थकलेले पिक्सेल होत. दोन-चार असणे स्वाभाविक आहे. विखुरलेल्या शेकडो ठिणग्या नकोत.

शटरची परीक्षा वेगवेगळ्या गतींवर करावी. सर्वांत वेगवान गतीवर काढलेल्या पांढऱ्या भिंतीच्या फोटोत एका कडेला काळसर पट्टा आला, तर झडप मंदावली आहे. नेमकेपणाच्या चाचणीसाठी वर्तमानपत्र तिरपे धरून एका ओळीवर नेम धरावा; तीच ओळ सर्वांत स्पष्ट यावी. सर्व बटणे, चाके, पडदा, फ्लॅश लावण्याची खाच यांचा एकदा तरी वापर करावा. बॅटरीचे वयही कॅमेराच सांगतो: निकॉनच्या अनेक कॅमेऱ्यांत ते शून्य ते चार अशा अंकांनी, कॅननमध्ये तीन चौकोनांनी दाखवले जाते.

मॉडेलचा इतिहासही थोडा वाचून जावा. २०१२ सालच्या निकॉन डी६०० या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर ठिपके जमत असल्याच्या तक्रारी आल्या आणि २०१४ साली कंपनीने तपासणी करून गरज असेल तेथे शटर विनामूल्य बदलून देण्याचे जाहीर केले. डी७५० च्या काही क्रमांकांसाठीही अशाच सूचना निघाल्या होत्या. असा कॅमेरा निषिद्ध नाही. पण दुरुस्ती झाली आहे का, हे विचारणाऱ्याला तो निर्धास्तपणे घेता येतो.

मालक कोण, हा खरा प्रश्न

कॅमेरा निर्दोष निघाला, तरी एक परीक्षा उरते आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. ही वस्तू विकणाऱ्याचीच आहे का?

लग्नाच्या गर्दीतून, गाडीच्या काचेमागून, लोकलच्या फळीवरून कॅमेरे चोरीला जातात आणि स्वस्तात विकले जातात. श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत 'तदाहृतादान' हा एक आहे: चोराने आणलेला माल घेणे. चोरी स्वतः केली नाही, एवढ्याने व्रत निर्मळ राहत नाही, हे शास्त्रकारांनी स्पष्ट केले. त्याच यादीतील 'प्रतिरूपक व्यवहार', म्हणजे खऱ्याच्या नावाखाली बनावट खपवणे, हाही या बाजाराला तंतोतंत लागू पडतो. बनावट बॅटऱ्या आणि कार्डे मूळ कंपनीची म्हणून विकली जातात, ती ओळखणे आणि पुढे स्वतः तशी न विकणे, दोन्ही कर्तव्येच.

कायदाही हेच सांगतो. १९३० च्या मालविक्री अधिनियमाचा सर्वसाधारण नियम असा, की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे त्याहून अधिक हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. चोरीचा माल निघाला, तर प्रामाणिक ग्राहकालाही वस्तू गमवावी लागू शकते. आणि चोरीचा आहे हे माहीत असून किंवा तसे मानण्यास कारण असून लबाडीने माल घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. निम्म्याहून कमी भाव, बिल नाही, खोका नाही आणि "आजच रोख द्या" ही घाई एकत्र आली, की ते 'मानण्यास कारण' समोर उभेच असते.

उपाय साधा आहे. कॅमेऱ्याच्या बुडाशी अनुक्रमांक असतो. तोच खोक्यावर आणि मूळ बिलावर हवा. बहुतेक व्यावसायिक कॅमेरे तो फोटोच्या फाइलमध्येही लिहितात; आताच काढलेल्या चाचणी-फोटोतील क्रमांक बुडाच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. बुडाची पट्टी खरवडलेली असेल, तर तिथूनच परतावे. बिल हरवले असल्यास विक्रेत्याच्या ओळखपत्राची प्रत आणि अनुक्रमांक लिहिलेली सही-तारखेची विक्री-पावती घ्यावी. प्रामाणिक विक्रेत्याला याचा राग येत नाही.

पैसे बँकेतून द्यावेत. व्यवसायासाठी घेतलेल्या वस्तूपोटी एका व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांहून अधिक रोख दिल्यास ती रक्कम आयकरात वस्तूच्या किमतीत धरली जात नाही आणि तिच्यावरचा घसारा हातचा जातो. एरवी कॅमेऱ्यासारख्या यंत्रसामग्रीवर घटत्या शिल्लक पद्धतीने वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो. जुन्या वस्तूंचा नोंदणीकृत व्यापारी जीएसटीच्या मार्जिन योजनेत विकत असेल, तर कर पूर्ण किमतीवर लागत नाही. तो खरेदी-विक्रीतील फरकावरच लागतो. भावाची घासाघीस करताना हे माहीत असावे. कोणती नोंद कोठे करायची, हे घरच्या सनदी लेखापालाला आधी विचारून घ्यावे.

बॉडीच्या पलीकडचा खर्च

नवशिक्याची नेहमीची चूक अशी, की सारे पैसे बॉडीत घालून लेन्ससाठी काही उरत नाही. चित्र लेन्स काढते. बॉडी ते टिपते. त्यात फुल-फ्रेमची एक अट आहे. लहान सेन्सरसाठी बनवलेली कॅननची ईएफ-एस लेन्स या बॉडीवर बसतच नाही. निकॉनची डीएक्स लेन्स बसते, पण सेन्सरचा मधला भागच वापरला जातो. म्हणजे जुन्या कॅमेऱ्याच्या लेन्स कामी येतील हे गृहीत धरू नये. आरंभाला ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स स्वस्त आणि उत्तम. कामे मिळू लागल्यावर २४-७० आणि मग ७०-२०० असा क्रम ठेवावा. चांगली लेन्स पुढे मिररलेसकडे वळल्यावरही जोडकड्याच्या साहाय्याने वापरता येते. म्हणून तिच्यात गुंतलेला पैसा बॉडीपेक्षा सावकाश झिजतो.

जुनी लेन्स घेताना तिच्यातून बॅटरीचा झोत आरपार टाकून पाहावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. ठाण्याच्या खाडीकाठच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, बंद कपाटात ठेवलेल्या लेन्सला ती हमखास गाठते. सुरुवातीची बुरशी साफ होते, पण काचेवरचा मुलामा खाल्ला गेला असेल तर डाग कायमचा. घरी आणलेली वस्तू हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी, पुड्या अधूनमधून वाळवाव्यात आणि डब्यात आर्द्रतामापक ठेवून काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राखावा. हळदीच्या समारंभातील हळद आणि मिरवणुकीतील गुलाल हे दोन्ही लेन्सच्या फिरत्या कड्यांत शिरतात. काम संपताच मऊ ब्रशने झाडावे, फुंकर मारू नये.

खरेदीची वेळही पाहावी. चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात, काम मंदावते, आणि कॅमेरा बदलू पाहणारा व्यावसायिक पुष्कळदा याच दिवसांत विक्रीचा विचार करतो. घेणाऱ्यालाही तपासायला आणि कार्तिकानंतरच्या हंगामापूर्वी हात बसवायला सवड मिळते. पहिली दोन-तीन मोठी कामे भाड्याच्या कॅमेऱ्याने करून पाहावीत, हेही शहाणपणाचे. आपल्याला कोणता कॅमेरा हवा आणि हा व्यवसाय झेपणार आहे का, दोन्ही गोष्टी थोड्या भाड्यात कळतात.

बाळकुमच्या त्या घरातल्या जेवणानंतरच्या गप्पांकडे पुन्हा वळावे. वडिलांना शटर आणि सेन्सर यांतले काही कळत नसेल. मुलाला बिल, घसारा आणि माणसाची पारख यांतले काही कळत नसेल. जुन्या कॅमेऱ्याच्या सौद्याला दोन्हींची गरज आहे. म्हणून तो दिवस दोघांनी मिळून काढावा. मुलाने भिंतीचे फोटो काढावेत, वडिलांनी विक्रेत्याच्या चेहऱ्याकडे आणि कागदाकडे पाहावे. दोघांचेही समाधान झाले तरच पैसे द्यावेत, नाहीतर दोघांनी परतीची लोकल धरावी. कॅमेरे पुन्हा मिळतात. घेतला, तर वहीत त्याचे एक पान उघडावे: किंमत, त्या दिवशीचा शटर काउंट, आणि पुढे प्रत्येक कामाची मिळकत. ज्या दिवशी मिळकत किमतीला गाठेल, त्या दिवशी "दुसऱ्याने वापरलेली वस्तू का घ्यायची" या प्रश्नाला त्या पानानेच उत्तर दिलेले असेल.